तळघरातला सूर

कोरसमास्तरला आवाज नसला तरी चालतं. रूप नसलं तरी चालतं, कारण प्रेक्षकांना तो दिसतच नाही. कान मात्र लागतो. माझा कान आमच्या ऑपेरागृहात एकवीस वर्षं खणखणीत चालला आणि त्याचा मला माज होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून मला कोणी बिचारी म्हणणार नाही.

ऑपेरातला कोरस म्हणजे गाणारी गर्दी. कधी सैनिक, कधी धोबिणी, कधी दरबारी, कधी भुतं. आमच्याकडे अशी साठ माणसं पगारावर आहेत. त्यांच्याकडून गाणं पाठ करून घ्यायचं, कोण दमतोय, कोण घसरतोय ते पकडायचं आणि तयार माल संचालकाच्या हवाली करायचा, हे माझं काम. संचालक पुढे उभा राहून हात हलवतो आणि टाळ्या घेतो. कोरसमास्तरला रंगमंचावर बोलावतात ते फक्त पहिल्या प्रयोगाला, तेही शेवटी, एकदा वाकून नमस्कार करण्यापुरतं.

मला स्वर ओळखायला वाद्य लागत नाही. तुम्हाला लाल रंग पाहून लाल कळतो, तसं मला स्वर ऐकून त्याचं नाव कळतं, आणि हवा तो स्वर मी नुसता गुणगुणून देते. इतर कोरसमास्तर खिशात नादकाटा बाळगतात. गुडघ्यावर आपटला की तो एकच एक स्वर देतो, सगळा वाद्यवृंद ज्याच्यावर जुळवतो तो. मी कधी बाळगला नाही. ज्याला चष्म्याची गरज नाही त्यानं तो का लावावा, असं मी सगळ्यांना ऐकवायची.

या मोसमातला नवा ऑपेरा खाणीतल्या माणसांचा होता. तिसऱ्या अंकात स्फोट होतो. तालवाद्यं कानठळ्या बसवतात, मग एकदम शांतता. त्या शांततेत जमिनीखाली अडकलेली माणसं गायला लागतात. चोवीस गायक, रंगमंचाखालच्या तळघरात, कुठल्याही वाद्याच्या साथीशिवाय, चार मिनिटं. शेवटी वर एकटा हॉर्नवाला पितळी कर्ण्यावर त्यांचाच पहिला स्वर धरतो, म्हणजे बाहेरून कोणीतरी हाक दिली. खाली गाणारे अर्धा स्वर जरी सरकलेले असले, म्हणजे पियानोवरच्या शेजारच्या पट्टीइतके, तरी हॉर्न वाजताक्षणी सगळ्या गावाला कळणार. स्फोटानंतर स्वर घ्यायला काही आधारच नाही. तो मीच द्यायचा होता.

वाद्यवृंदाबरोबरच्या पहिल्या तालमीला मी खाली उभी राहून स्वर दिला. चोवीस माणसांनी तोंड उघडलं आणि चिखल झाला. एका बाईचा आवाज बाकीच्यांच्या वर उभा होता, अगदी ठाम. तिच्या आजूबाजूच्या चार बायका तिच्याकडे ओढल्या गेल्या, उरलेले सगळे माझ्याकडे राहिले. वरचा संचालक दिसावा म्हणून तळघरात लावलेल्या छोट्या पडद्यावर त्याचा हात थांबलेला दिसला. त्याचे हात लांब म्हणून कोरसनं त्याचं नाव पंखा ठेवलं होतं, आणि थांबलेला पंखा ही चांगली गोष्ट नसते. "बाई, हे तुम्ही बघून घ्या," असं म्हणून तो पुढच्या पानावर गेला.

तो ठाम आवाज माझ्या नणंदेचा होता.

वन्संनीच मला या कोरसमध्ये आणलं. पहिल्या दिवशी मी थरथरत त्यांच्या शेजारी उभी होते, तेव्हा माझा स्वर मला कानात गुणगुणून देणाऱ्या त्याच. पुढे त्यांचा भाऊ, इथले पियानो जुळवायला यायचा, तो माझा नवरा झाला. मी कोरसमास्तर झाले आणि वन्सं दुसऱ्या रांगेतच राहिल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, असं कोणीही म्हणालं असतं. त्या कधी म्हणाल्या नाहीत.

"वन्सं, तुम्ही वर लागताय," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

"मी बरोबर लागतेय. तू स्वर खाली दिलास," त्या म्हणाल्या.

चोवीस माणसांसमोर मला असं कोणी बोललं नव्हतं. माझ्या तोंडातून जे निघालं ते निघालं. "वयाप्रमाणे कान उतरतो, वन्सं. त्यात लाज नाही. लाज आहे ती कबूल न करण्यात." त्यांना मी तिथल्या तिथे त्या गाण्यातून काढलं. पहिल्या दोन अंकांत त्या रंगमंचावर गाणार होत्याच, म्हणून ते तेवढं राहू दिलं.

पण तेवढ्यावर थांबेन तर ती मी कसली! आमच्याकडे साठीपुढच्या गायकांचा करार दरवर्षी नवा होतो, आणि त्यावर कोरसमास्तरची सही लागते की सूर शाबूत आहे. वन्संच्या कागदावर मी सही केली नाही. गुरुवारी त्यांना ऑफिसचं पत्र गेलं. मोसम संपला की तुमची सेवा संपली.

मन खात नव्हतं असं नाही. म्हणून मी रोज सकाळी घरच्या पियानोवर तो स्वर वाजवून बघायचे. आधी गुणगुणायचे, मग पट्टी दाबायचे. तंतोतंत. आता याउपर काय पुरावा हवा? ऑपेरागृहातले पियानो मला हल्ली चढलेले वाटायचे, वाद्यवृंदही. पण आजकाल सगळे चकाकीसाठी वर जुळवतात, असं मी ठरवून टाकलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. रंगीत तालमीत तिसरा अंक अर्धाच झाला, कारण वादकांची वेळ संपली, आणि वेळ संपली की ते सुराच्या मधोमधसुद्धा वाद्यं पेटीत घालतात. म्हणजे खालचं गाणं आणि वरचा हॉर्न यांची गाठ पहिल्यांदा पडणार होती ती थेट पहिल्या प्रयोगात, रविवारी दुपारी.

रविवारी अकरा वाजता माझ्या काळ्या झग्याची चेन अडकली. पक्कड शोधायला मी ह्यांची हत्यारांची पिशवी उघडली. तळाशी नादकाटा होता. हाताला चाळा म्हणून मी तो गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला.

चढलेला. अर्ध्या स्वरानं.

मी पियानोपाशी जाऊन पट्टी दाबली. पियानो बरोबर होता. काटा पुन्हा वाजवला. दोघांत एका पट्टीचं अंतर.

"अहो, काटा खोटा आहे तुमचा," मी ओरडले.

हे शेजारच्या खोलीत आपला शर्ट इस्त्री करत होते. मी दारात गेले, तर हे इस्त्री धरून नुसते उभे.

"काय म्हणतेय मी? काटा बिघडलाय."

"काटा बिघडत नाही," हे म्हणाले. "पोलादाचा आहे तो."

"मग पियानो उतरलाय? तुम्ही तर वर्षापूर्वीच जुळवलात."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. खरं सांगते, ते ऐकायच्या आधीच कळलं.

"तीन वेळा म्हणालीस पियानो चढलाय," हे सांगू लागले. "मी तीनदा तपासला. पियानो आपला आपण उतरतो, असा चढत नाही. मला माहीत होतं काय झालंय ते. माझ्या उस्तादांचंही असंच झालं होतं. ज्यांच्या कानात जन्मापासून स्वर असतात, त्यांना वय झालं की सगळं जग वर गेलेलं ऐकू येतं. तू तुझ्या बहिणीकडे गेली होतीस त्या आठवड्यात मी तो अख्खा खाली आणला. तुझ्या कानाला जुळेल असा."

"मला सांगायचं ना!"

"तू रडशील वाटलं."

"मी? रडेन?"

"बरं, ओरडशील वाटलं."

शर्ट जळल्याचा वास आला. ह्यांनी इस्त्री उचलली, तर पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. मी तो बघत राहिले. माझा एकुलता एक साक्षीदार घरातच फितूर झाला होता, आणि तोही माझ्यावरच्या प्रेमापोटी. मला संताप आला, आणि त्या संतापाला कुठे ठेवावं ते कळेना.

"आणि तुमची ताई? तिला मी काढलं तेव्हाही गप्प बसलात?"

"तेव्हा सांगणार होतो," हे म्हणाले. "गुरुवारी ताई पत्र घेऊन आली होती. माझ्यासमोर इथेच बसली होती. म्हणाली, खरंच माझा कान गेला असेल का रे? मी..." मग ह्यांनी माझ्या हातातला काटा माझ्याच मुठीत दाबला. "हा घेऊन जा. त्याचा स्वर दे. कोणालाही कळायचं नाही."

खरंच कळलं नसतं. काटा मुठीत, कानामागच्या हाडाला टेकवायचा आणि ऐकू येईल तसं गुणगुणायचं. प्रयोग निभावला असता, माझी खुर्ची राहिली असती. फक्त वन्सं घरी बसल्या असत्या, आपला कान गेला असं समजत. मी टॅक्सीत बसले तेव्हा काटा माझ्या पर्समध्ये होता आणि मी काही ठरवलं नव्हतं. उलट पहिला अंक संपेपर्यंत मी गप्प राहायचंच ठरवत आणलं होतं. एवढी काही मी थोर नाही.

दुसऱ्या अंकानंतर मध्यंतर झालं. बायकांच्या कपडेपटाबाहेरच्या बोळात वन्सं धोबिणीच्या वेशात बाकावर बसल्या होत्या. पुढे काही काम नाही म्हणून डोक्यावरचा रुमाल सोडत होत्या. गाठ सुटत नव्हती. मी नेहमीच्या सवयीनं ती सोडवायला हात पुढे केला आणि त्यांनी मान बाजूला घेतली.

"वन्सं, चूक माझी होती," मी म्हणाले. मग भराभरा सगळं सांगितलं. काटा, पियानो, त्यांचा भाऊ.

त्यांनी गाठीवरचे हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "आता माफी मागायला आलीस की सूर मागायला?"

"दोन्ही."

"काटा आहे ना तुझ्याकडे?"

"काट्यावर माझा विश्वास बसत नाहीये. ऐकते तेव्हा सगळं अंग म्हणतं खोटं आहे. ऐन वेळी मी माझ्याच मनाचा स्वर देईन, अशी भीती वाटते. तुम्ही द्या."

"देईन," वन्सं म्हणाल्या. "पण हे मला एकटीला बोळात सांगून भागणार नाही. अपमान चारचौघांत आणि माफी कोपऱ्यात, असं नसतं. खाली चल. त्यांना सांग."

"आत्ता? गाण्याच्या तोंडावर? ती हादरतील, वन्सं! आणि एकदा त्यांना कळलं की माझी नोकरी..."

"माझी गेलीच आहे," त्या म्हणाल्या आणि रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

तळघरात जायला लोखंडी जिना आहे. अठरा पायऱ्या. इतकी वर्षं मी तो धावत उतरले, त्या दिवशी कठड्याला धरून उतरले. खाली तेवीस माणसं आपापल्या जागी उभी होती. बायकांच्या दुसऱ्या रांगेत एका माणसाची जागा त्यांनी रिकामीच ठेवली होती, कोणी सांगितलं नसताना. वन्सं सरळ जाऊन तिथे उभ्या राहिल्या. कुजबुज झाली. वर तिसरा अंक सुरू झाला होता. लाल दिवा लागला की दोन मिनिटं, हिरवा लागला की स्फोट.

"ऐका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्या दिवशी यांचा सूर बरोबर होता. मी स्वर खाली दिला होता. माझा कान सरकलाय, आणि सरकून बरेच महिने झालेत. मी यांना तुमच्यासमोर बोलले, म्हणून तुमच्यासमोर सांगतेय. आजचा स्वर या देतील."

लाल दिवा लागला.

मग मागच्या रांगेतून खर्जातल्या एका धिप्पाड माणसाचा आवाज आला. सगळे त्याला पिंप म्हणतात. "तरीच," तो म्हणाला. "त्या दिवशी खालचा स्वर गाताना मी जमिनीत गेलो होतो. मला वाटलं, जेवण जास्त झालं."

सगळे हसले. तोंडावर हात धरून, पण हसले. मीही हसले आणि माझे डोळे भरून आले. पिंप हळूच पुढे म्हणाला, "बाई, हे इथल्या इथे राहील. वर कोणाला कळायचं कारण नाही." पाच-सहा माना हलल्या. मी काही बोलणार तोच हिरवा दिवा लागला.

डोक्यावर आभाळ कोसळावं तसा आवाज झाला. तुळईवरची धूळ आमच्या केसांत पडली. मग शांतता. पडद्यावर पंख्याचा हात वर जाताना दिसला. वन्संनी काट्याकडे बघितलंही नाही. डोळे मिटून त्यांनी स्वर गुणगुणला, आणि तेवीस माणसांनी तो ओठांआड उचलला.

माझ्या कानाला तो चुकीचा होता. असातसा नाही, धडधडीत चुकीचा. मी काटा गुडघ्यावर मारून हाडाला टेकवला. तोही तसाच चुकीचा, त्यांच्या स्वराशी अगदी एक. दोन साक्षीदार एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या. हात खाली आणायला अर्धा सेकंद होता. तळघरातून आवाज वर पोचायला वेळ लागतो म्हणून आम्हाला पडद्यावरच्या हातापेक्षा किंचित आधी सुरुवात करावी लागते, म्हणजे तोही अर्धा सेकंद पुरता नव्हता. मी हात खाली आणला.

ती चार मिनिटं मला जन्मभर पुरतील. मला पाठ असलेलं गाणं कोणीतरी दुसऱ्याच घरात नेऊन ठेवलं होतं. प्रत्येक ठिकाणी मला वाटत होतं, थांबव, खाली आण. ताल देणारा हात माझा होता, पण कान मी वन्संच्या चेहऱ्यावर ठेवला होता. कोणी घसरलं की त्यांची भुवई उठे आणि मी त्या बाजूला बोट वर करे. मुलायम शेवट आला. शेवटचा स्वर लांबत गेला, लांबत गेला. पडद्यावरच्या हातानं हॉर्नला इशारा केला. मी डोळे मिटून घेतले.

हॉर्न आला आणि आमच्या आवाजात मिसळून गेला. दोन स्वर नव्हतेच, एकच होता. पिंपानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी डोळे उघडले.

पडदा पडल्यावर मला बोलावणं आलं. मी काळ्या झग्यात, केसांत धूळ घेऊन रंगमंचावर गेले. दिवे डोळ्यांवर. मागे साठच्या साठ माणसं उभी. संचालकानं माझा हात धरून मला पुढे नेलं, आणि वाकता वाकता, टाळ्यांच्या गजरात, माझ्या कानाशी म्हणाला, "आधाराशिवाय चार मिनिटं आणि केसाइतकाही फरक नाही! कान असावा तर असा."

पुढच्या रांगेतल्यांनी ते ऐकलं. पिंपानं छताकडे बघितलं. मला नुसतं हसायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. मी वळून वन्संकडे बघितलं. त्या टाळ्या वाजवत होत्या, माझ्यासाठी, सगळ्यांसारख्याच. गुरुवारचं पत्र त्यांच्या पर्समध्ये असणार हे मला माहीत होतं.

"साहेब," मी प्रेक्षकांकडे हसून बघत म्हणाले, "माझा कान गेलाय. आजचा सूर माझ्या नणंदेचा होता, मी जिला काढलं तिचा. उद्या सकाळी ऑफिसात लिहून देते."

पडदा वर होता, त्यामुळे त्यालाही हसतच राहावं लागलं. आम्ही दोघं आणखी एकदा वाकलो.

सोमवारी मी दोन कागद दिले. एकावर वन्संचा सूर शाबूत असल्याची सही. दुसऱ्यावर, मोसम संपला की माझ्या जागी माझ्या सहायक बाईंना घ्यावं, ही विनंती. मला कोणी काढलं नाही, मी उठले. तरी घरी येईपर्यंत रडत होते, हे ह्यांना सांगून टाकलं. हे म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मग मी ओरडलेसुद्धा.

संध्याकाळी ह्यांनी पियानोचं झाकण काढलं. "एकदम ओढला तर तारा तुटतात, आठ-दहा दिवस लागतील," म्हणाले. वन्सं चहाचा कप घेऊन खुर्चीत बसल्या. गुरुवारनंतर भावाशी त्यांचं धड बोलणं नव्हतं, त्या दिवशीही फारसं नव्हतं, पण आल्या होत्या. हे एक पट्टी वाजवत, किल्ली थोडी फिरवत, पुन्हा वाजवत. मला ऐकू येत होतं ते एवढंच की घरातला एकुलता एक बरोबर पियानो डोळ्यांदेखत बिघडत चालला आहे.

"चढला हो," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.

ह्यांचा हात थांबला. बहीणभावांनी एकमेकांकडे बघितलं.

"अजून खालीच आहे," वन्सं म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

"मग ओढा," मी ह्यांना म्हणाले, आणि माझी खुर्ची वन्संच्या शेजारी सरकवली.